दोन दृश्यांमधली १९ वर्षे

प्रश्न : ‘मादाम द्यु बारी’ हा १९१९ सालचा जर्मन मूकपट नुकताच पाहिला. त्यात फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवी येऊन मरतो, त्याच्या प्रेयसीला दरबारातून हाकलले जाते आणि पाठोपाठ क्रांती होऊन तिला गिलोटिनवर चढवले जाते. घटना खरोखरच इतक्या झपाट्याने घडल्या का? शिवाय पात्रे सदैव लगबगीने का चालतात?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. राजा वारला १० मे १७७४ रोजी आणि द्यु बारीचा शिरच्छेद झाला ८ डिसेंबर १७९३ रोजी. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांनी मधली १९ वर्षे गाळल्यामुळे दरबारी विलास आणि रस्त्यावरचा जमाव समोरासमोर येतात, आणि नाट्य म्हणून ते जमलेही आहे. मात्र गाळलेला भागच मला अधिक वेधक वाटतो.

पापनिवेदन करून अंतिम संस्कार घ्यायचे, तर राजाला प्रेयसी जवळ ठेवता येणार नव्हती. म्हणून मृत्यूच्या काही दिवस आधीच तिची रवानगी झाली आणि पुढे तिला एका मठात ठेवण्यात आले. सुटकेनंतर ती लुव्हसियेन येथील आपल्या वाड्यात राहू लागली. १७९१ मध्ये तेथून तिचे जडजवाहीर चोरीस गेले, त्याचा माग लंडनमध्ये लागला, आणि ते सोडवून आणण्यासाठी तिने इंग्लंडला ज्या खेपा घातल्या, त्याच पुढे शत्रूशी संधान बांधल्याचा पुरावा म्हणून तिच्यावर उलटल्या.

पडद्यावर न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला तिचा जुना प्रियकर आर्मां हा कल्पित आहे. प्रत्यक्षात तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत झामोर होता : लहानपणी गुलाम म्हणून फ्रान्सला नेलेला, तिच्याच पदरी वाढलेला आणि आपला जन्म बंगालचा असल्याचे न्यायालयात सांगणारा. असे पात्र एखाद्या पटकथाकाराने रचले असते, तर आपण त्याला ओढूनताणून आणलेले म्हटले असते!

लगबगीचा दोष मात्र नटांचा नव्हे. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम) टिपल्या जात. बोलपटांबरोबर २४ चौकटींचा वेग रूढ झाला. त्यामुळे १८ चौकटींनी टिपलेले एका मिनिटाचे दृश्य २४ च्या वेगाने ४५ सेकंदांतच आटोपते, आणि द्यु बारीची भूमिका करणाऱ्या पोला नेग्री यांचे सावकाश वळणेही धांदलीचे भासते. वेग सुधारलेली प्रत मिळवून तोच चित्रपट पुन्हा पाहावा.