पहिलीच कथा आहे ना, मग सध्या एवढंच सांभाळा

ताई, तुमचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. जमतंय तुम्हाला, थांबू नका. सध्या एवढंच बघा:

१. आजोबांनी आजीला केलेली मारहाण पहिल्याच पानावर नको, नवीन लिहिणारे बहुतेक जण हेच करतात. मागे काय उरलं ते दाखवा. पंचवटीतल्या त्या वाड्यात जिन्यावर चपला वाजल्या की आजी अजूनही पटकन रेडिओ बारीक करते, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी... अहो हे सोनं आहे आणि तुम्ही ते सातव्या पानावर ठेवलंय! तिथूनच सुरू करा.

२. गुपित वाचकापासून लपवत बसू नका, घरच्यांनी ते कसं लपवलं ते लिहा. "न्हाणीघरात पाय घसरला" हे शेजारीण, मामा, डॉक्टर सगळे ऐकून घेतात, कुणीच पुढे विचारत नाही, कथा तिथे आहे.

३. साल तपासा. तुमच्या कथेतली सून १९९५ मध्ये कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार करते, पण तो कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. १९९५ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ (नवऱ्याकडून, सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं) होतं, १९८३ पासून.

आणि आजोबांना नुसता राक्षस करू नका, गल्लीत सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा माणूस असू दे, म्हणून तर आजीचं कुणाला खरं वाटलं नाही.

निवेदक, काळाच्या उड्या वगैरे नंतर बघू. आधी रेडिओचं पान परत लिहून पाठवा.