‘मामा तलावाची पार फुटली’ : मामा कोण आणि पार कुठली?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. निसर्ग, जमीन आणि इतिहास या विषयांवर पुस्तकं नि फिल्म करणाऱ्या एका चित्रकारासाठी त्या इंग्रजी सबटायटल लिहिताहेत. चित्रण गोंदिया जिल्ह्यातलं. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, उभी असलेली एक म्हातारी म्हणते, “मामा तलावाची पार फुटली तवा मी लहान होती.” ताईंनी पहिल्या खर्ड्यात याचा अर्थ लावला तो असा : मामाच्या तळ्याकाठी झाडाला बांधलेला पार मोडला, तेव्हा ती लहान होती. मग त्यांनाच शंका आली, कारण अख्ख्या फिल्ममध्ये मामा कुठेच नाही.

ताई, या मामाने मलाही फसवलंय. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचं. उन्हाळ्यात आम्ही भावंडं तलावात डुंबायला जायचो आणि गावातले सगळे त्याला ‘मामा तलाव’ म्हणायचे. मामाच्या गावचा तलाव म्हणजे मामाचाच, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मामानेही कधी खुलासा केला नाही. शेजारच्या गावातही मामा तलाव आहे हे कळलं तेव्हा हा मामा भलताच श्रीमंत असल्याचं वाटलं होतं.

खरं तर हा मामा सरकारी फायलीतून आलेला आहे. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे लांबलचक नाव कागदावर ‘मा. मा. तलाव’ झालं, मग टिंबं गळाली आणि नातं जुळलं.

आता ‘मालगुजारी’. यात माळ नाही, म्हणून ‘माळगुजारी’ लिहू नये. (शुद्ध लिहायच्या भरात ‘ल’चा ‘ळ’ करणारे आमच्याकडे बरेच आहेत.) माल म्हणजे सारा, महसूल. ‘गुजार’ फारसीतून आलेला, भरणारा, चुकता करणारा. ‘शुक्रगुजार’मध्ये तोच आहे, तिथे माणूस साऱ्याऐवजी आभार चुकते करतो. तर मालगुजार म्हणजे सरकारात गावाचा सारा भरणारा. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्यानंतरच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी या सारा भरणाऱ्यांना गावाचे मालकच करून टाकलं. वऱ्हाडात मात्र रयतवारी होती, शेतकऱ्याचा सारा थेट सरकारात. म्हणून अमरावती-अकोल्याच्या माणसाला ‘मामा तलाव’ म्हटलं तर तोही तुमच्यासारखाच मामा शोधू लागेल. हा शब्द भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्व अंगाचा. तिथे असे तलाव सहा हजारांहून जास्त आहेत.

पण मालगुजार हे तलावांचे शेवटचे धनी. कितीतरी तलाव त्यांच्याही आधीचे आहेत. जो तलाव बांधील त्याला जमीन, असा गोंड राजांचा रिवाज सांगतात, आणि बांधणारे म्हणून कोहळी समाजाचं नाव घेतलं जातं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी तिथली परंपरा. गावाच्या नावातला ‘बांध’ त्याचाच. पुढे मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ पर्यंत.) माजी झाली ती मालगुजारी. तलाव माजी नाही, त्याच्या पाण्यावर आजही धान होतो. पण शब्दांचा क्रम असा की ‘माजी’ तलावालाच चिकटल्यासारखा वाटतो. मोडकळीला आलेला जुना तलाव म्हणजे मामा तलाव, असं समजणारे चांगले शिकलेले लोक मला भेटले आहेत.

आता पार. पिंपळाचा पार पुल्लिंगी : पार मोडला, पारावर बसलो. म्हातारी म्हणते ‘पार फुटली’. त्या एका स्त्रीलिंगी क्रियापदापाशी थांबला असता तर चूक टळली असती. ही पार म्हणजे पाळ, तलावाचा मातीचा बांध. झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भाच्या बोलीत, ‘ळ’चा ‘र’ होतो : डोळा तो डोरा, काळा तो कारा. तशी पाळ ती पार. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे कड, काठ, बांध. तिथून पाळ आली. पलीकडे छत्तीसगडीतही तलावाच्या बांधाला पारच म्हणतात, त्यामुळे शेजाराचा हातभार नाहीच असं मी शपथेवर सांगणार नाही. पण म्हातारीच्या वाक्यापुरता ‘ळ’चा ‘र’ पुरेसा आहे. आणि पाळ ‘फुटते’च. पाण्याच्या रेट्याने बांध जातो त्याला आमच्याकडे मोडणं-तुटणं म्हणत नाहीत.

राहिला तलाव. तुम्ही ‘लेक’ लिहिलंय, ते आधी काढा. तुमच्या चित्रकाराच्या चौकटीत पाणी आहे, कमळं आहेत, पुढे बांधीत सारसाची जोडी चरते आहे. परगावचा प्रेक्षक याला निसर्गच म्हणणार, आणि खाली ‘लेक’ वाचलं की त्याची खात्रीच पटेल. पण ते पाणी तिथे कुणीतरी अडवलंय. उतार पाहून पाळ घातली, खाली बांध्या पाडल्या, पाण्याची वाटणी ठरवली. सारस तिथे आहे तो त्या धानामुळे आणि पाण्यामुळे. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हातारीच्या ‘पार’मध्ये ते आहे. भारतीय इंग्रजीत अशा तलावाला ‘टँक’ म्हणतात. परदेशी माणसाला त्यावरून गच्चीवरची टाकी आठवेल हे मान्य, तरी मी टँकच ठेवीन. टाकीचा घोटाळा पुढच्या दृश्यात मिटेल, ‘लेक’चा मिटणार नाही.

सबटायटलच्या दोन ओळींत एवढं सगळं मावणार नाही. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘मालगुजारांच्या काळातला तलाव’ एवढ्या अर्थाचं इंग्रजी द्या आणि पुढे सरळ ‘मामा तलाव’ ठेवा. बाकीचं सोबतच्या पुस्तकात जाऊ द्या.

त्या पुस्तकाच्या शब्दसूचीत ‘निस्तार’ही घ्या, कारण तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात तो दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा तुम्ही त्याचं ‘निस्तरणं’ केलंय. पुण्याकडे आपण करून ठेवलेलं निस्तरतो. इथे निस्तार म्हणजे गावाचा रोजचा हक्काचा वापर : सरपण, चराई, गुरांचं पाणी. मूळ एकच, निस्तरणे म्हणजे तरून जाणे. कुणी घोटाळ्यातून तरतो, कुणी रोजच्या दिवसातून. ‘निस्तार पत्रक’ नावाचा कागद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहे, तेव्हा याला बोलीतला गमतीचा शब्द समजून तिरप्या ठशात टाकू नका.

आणि एक. पुस्तकात म्हातारीचं बोलणं मराठीतून छापणार असाल तर ‘मी लहान होती’चं ‘होते’ करू नका, ती तिची बोली आहे. मुद्रितशोधक करायला जाईल, त्याला आधीच सांगून ठेवा.