पेरू खरंच पेरू देशाचा का?

प्रश्न असा आहे: ‘पेरू हे फळ पेरू देशातून आलं म्हणून त्याला पेरू म्हणतात, असं लहानपणी ऐकलं होतं. ते खरं का? आणि बटाटा हा पोर्तुगीजांचा शब्द असेल, तर त्यांनीच आणलेल्या मिरचीचं नाव मात्र अस्सल आपलं कसं?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. फळ अमेरिका खंडातलंच आहे आणि पेरू देशातही ते फार जुन्या काळापासून पिकतं, म्हणून गैरसमज सहज होतो. पण शब्द त्या वाटेने आलेला नाही. पेरू देश १५३२ नंतर स्पॅनिशांनी बळकावला. आपल्या किनाऱ्यावर उतरले ते पोर्तुगीज, आणि त्यांची तिकडची वसाहत म्हणजे ब्राझील. तिथे ते या फळाला ‘गोयाबा’ म्हणतात. इकडे गोव्यात मात्र त्यांनी त्याला ‘पेरा’ म्हटलं. पोर्तुगीजमध्ये पेरा म्हणजे नासपती. देठाकडे निमुळता होत गेलेला आकार आणि आतला रवाळ गर पाहिला की हे नाव का सुचलं असेल ते कळतं. या पेरावरूनच कोकणीत पेर, मराठीत पेरू आणि बंगालीत पेयारा.

याचा सर्वांत गोड पुरावा गोव्यात नाताळात ताटात येतो. पेराद. माझ्या मैत्रिणीची आई म्हापशाला हे करायची. पिकलेले पेरू उकडायचे, चाळणीवर घासून बिया काढायच्या, गरात साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवायचं. मिश्रण कडा सोडून गोळा झालं की तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि वड्या पाडायच्या. हात सारखा हलता ठेवावा लागतो, नाहीतर खाली लागतं. पोर्तुगालमध्ये ‘पेराडा’ म्हणजे नासपतीचा आटवलेला गोड पदार्थ. गोव्यात फळ बदललं, कृती आणि नाव तेच राहिलं. ‘पेरू’ देशाच्या नावावरून आला असता तर या वडीचं नाव पेराद झालं नसतं.

गंमत म्हणजे उत्तरेतही नेमकं हेच घडलं, फक्त भाषा वेगळी होती. हिंदीतला ‘अमरूद’ हा फारसी शब्द, आणि फारसीत अमरूद म्हणजेही नासपती! दोन परक्या भाषा, दोन वेगळ्या वाटा, आणि दोघांनाही या फळात नासपतीच दिसली.

आपल्याकडे मात्र सगळ्यांना ती दिसली नाही. विदर्भात पेरूला जांब म्हणतात, मराठवाड्यात जाम. पुण्या-मुंबईकडची मंडळी हे ऐकून हसतात आणि ‘पेरू म्हण’ अशी दुरुस्ती करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे पेरू, ज्याचं हे नाव मूळचं ते जांब नावाचं दुसरं फळ आणि जांभूळ एकाच कुळातले आहेत. नासपतीचं कूळ निराळं, ती सफरचंदाच्या भावकीतली. म्हणजे ज्यांनी या परक्या झाडाकडे पाहून ‘हा तर आपला जांब’ असं म्हटलं, त्यांची नजर पोर्तुगीजांपेक्षा अचूक होती.

आता मिरची. नवी वस्तू आली की तिच्याबरोबर आलेलं नाव घ्यायचं किंवा घरातल्या जुन्या वस्तूचं नाव तिला द्यायचं, अशा दोन्ही रीती भाषेत असतात. मिरचीच्या बाबतीत जुनं नाव दिलं गेलं. संस्कृत मरिच म्हणजे काळी मिरी, आणि त्याच घरातली मिरची. कन्नडमध्ये मिरीला मेणसु, मिरचीला मेणसिनकायी. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय. खुद्द स्पॅनिशांनीही तेच केलं होतं. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला होता, त्याला सापडल्या मिरच्या. मिरीला ते पिमिएन्ता म्हणत, या तिखट फळाला पिमिएन्तो म्हणू लागले.

मिरची येण्याआधी आपलं तिखट काय होतं, ते आयुर्वेदातल्या ‘त्रिकटू’ या शब्दात अजून टिकून आहे. सुंठ, मिरी, पिंपळी. यात मिरची नाही, कारण तेव्हा ती इथे नव्हतीच. मिरीचा वेल मलबारच्या दमट डोंगरात वाढायचा, घाटावरच्या माणसाला ती विकतच घ्यावी लागे. मिरची परसात, विहिरीच्या कडेला, हलक्या जमिनीतही येते आणि वाळवून ठेवली की वर्षभर पुरते. जिभेला चव आणणारी वस्तू गरिबाच्या दारात उगवू लागली, हा बदल साधा नव्हता. भाकरी आणि ठेचा हे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण म्हणतो, त्यातला ठेचा काही शतकांचाच आहे. मिरीचं नाव लावून आल्यामुळे मिरचीचा परकेपणा कोणाच्या लक्षातच राहिला नाही.

हे किती खोल गेलं आहे ते पाहायचं तर एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची बशी समोर घ्या. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. ‘साबु’ हा शब्द मलायातल्या ‘सागु’ नावाच्या ताडावरून आला, पण आपण आणतो तो साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जुनं म्हणाल तर तूप आणि जिरं. माझा तर्क असा की उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमूळ-फळ चालणारं, या नियमात हे पाहुणे अलगद बसले. रताळ्याने तर नावही जुनंच घेतलं. रक्तालु म्हणजे लाल कंद, हा शब्द आधी इथल्या कोनफळासारख्या कंदाचा होता. भुईमूग हे नावही घरचंच, भुईतला मूग.

मग बटाट्याला असं घरचं नाव का मिळालं नाही? उत्तरेत कंदाचा जुना ‘आलू’ हा शब्द सरळ त्याला देऊन टाकला. मराठीत तोच शब्द ‘अळू’ होऊन आधीच अळवाच्या पानांना चिकटला होता. जागा रिकामी नव्हती, म्हणून किनाऱ्यावर आलेला ‘बताता’ आपण घेतला, असं मला वाटतं. गुजरातीत आणि कोकणीतही तोच आहे.

पीक आणि माल जसा आला तसा रोगही आला, आणि त्याला आणणाऱ्याचंच नाव मिळालं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात फिरंगरोग आहे. आज ज्याला सिफिलिस म्हणतात, बोली मराठीत गरमी, तो हा. फिरंग्यांच्या देशात फार होतो म्हणून फिरंग, असं भावमिश्राने कारणही दिलं आहे. त्याआधीच्या चरक-सुश्रुतांत हे नाव नाही. त्यावरचं औषधही समुद्रावरूनच आलं, चोपचिनी, म्हणजे फारसीत ‘चिनी लाकूड’. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा १५६३ साली गोव्यात छापलेला ग्रंथ या मुळीची सविस्तर चर्चा करतो. काष्ठौषधींच्या दुकानात ती अजून याच नावाने मिळते.

बटाट्याबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. ‘बताता’ हा शब्द मुळात पोर्तुगीजही नाही. तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ होता रताळं. अँडीजमधल्या खऱ्या बटाट्याचं तिकडचं नाव ‘पापा’. युरोपीयांनी दोन्ही कंदांची गल्लत केली आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. कोलंबस ताइनोंच्या हिस्पॅनिओला बेटावर १४९२ च्या डिसेंबरात पोहोचला. पुढे सोन्याच्या खाणींतली वेठबिगार, उपासमार, आणि १५१८ च्या अखेरीस तिथे आलेली देवीची साथ. आपल्याकडे ज्या रोगाला देवी म्हणून नैवेद्य दाखवला जाई, त्याला तोंड देण्याची ताकद त्यांच्या अंगात नव्हती, कारण तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पन्नास-साठ वर्षांत त्या बेटावरचा त्यांचा समाज जवळजवळ संपला. वंशज आजही त्या बेटांवर आहेत, पण ती भाषा बोलत मोठं झालेलं कोणी उरलेलं नाही. तिच्यातला रताळ्याचा शब्द मात्र मंचरच्या बाजारात पहाटे गोण्या उतरवताना रोज ऐकू येतो, ‘बटाटा इकडं लावा’.