कथेची वही आणि तक्रारीची फाइल

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कामाच्या ठिकाणच्या स्त्री-पुरुष समानतेसाठी दिवसभर झटायचे आणि उरलेल्या वेळात रहस्यकादंबरी लिहायची, हे एकाच माणसाला झेपेल का, असे तू पत्रात विचारले आहेस. झेपते. वेळेची अडचण तुला वाटते तितकी मोठी नाही, कारण पहाटेचे दोन तास नेमाने पाळले तरी कादंबरी पुढे सरकत राहते. खरी कठीण गोष्ट म्हणजे एका कामातले काय दुसऱ्यात न्यावे आणि काय नेऊ नये, हे ओळखणे. मी ते उशिरा शिकले, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला एक चांगली सवय लागते. कोणी काय सांगितले यापेक्षा कागद काय सांगतो, हे तो आधी पाहतो. ही सवय तू खुशाल बरोबर आण. भोसरीतल्या एका लहान कारखान्याच्या मालकांनी ‘आमच्याकडे बाई-पुरुष असा भेद नाही’ असे मला अगदी मनापासून सांगितले होते. मी हजेरीपत्रक आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मोटारीच्या कॉइल गुंडाळणाऱ्या सातही बायकांच्या नावापुढे ‘मदतनीस’ आणि त्याच रांगेतल्या चार पुरुषांपुढे ‘ऑपरेटर’ असे लिहिलेले आढळले. मग एक अख्खी दुपार मी त्या रांगेपाशी उभी राहिले. तारेचा ताण बोटांनी जोखायचा, वेढे मोजायचे, टोक कापायचे आणि कॉइल दोऱ्याने बांधायची, हेच काम अकराही जण करत होते. नव्याने लागलेल्या एका ‘ऑपरेटर’ला ते काम हाताला धरून शिकवत होती ती बाई मात्र कागदावर त्याची मदतनीस होती आणि तिचा पगार त्याच्यापेक्षा कमी होता.

अशा वेळी भावनेच्या जोरावर बोलू नकोस. 1976 च्या समान वेतन कायद्याने एकच किंवा त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना समान मोबदला देणे मालकावर बंधनकारक केले. ऑड्रे डिकोस्टा या स्टेनोग्राफर बाईंनी मॅकिनन मॅकेंझी कंपनीविरुद्ध दिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहिले, आणि युनियनशी झालेला करार किंवा कंपनीची बेताची आर्थिक स्थिती ही कमी पगाराची सबब होऊ शकत नाही, असे सांगितले. तो निकाल तू मुळातून वाच. एका शब्दाआड पगारातला फरक किती वर्षे झाकून राहू शकतो, हे त्यातून उमगेल.

कादंबरीत मात्र शेवटी कोणीतरी एक गुन्हेगार सापडावा लागतो, आणि ती सवय इथे नुकसान करते. त्या कारखान्यातला पदनामांचा तो तक्ता आधीच्या हिशेबनिसाने केला होता आणि पुढे दरवर्षी तोच उतरवला जात होता. मी दोषी शोधत बसले असते तर मालक स्वतःच्या बचावाला उभे राहिले असते आणि तक्ता जसाच्या तसा राहिला असता. मी पदनामे बदलून घेतली आणि मागच्या फरकाचा हिशेब मागितला.

लैंगिक छळाच्या तक्रारीत गोष्ट वेगळी असते, कारण तिथे आरोप एका माणसावर असतो. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिच्यात बाहेरचा एक सदस्य असतो आणि चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. तू अशी बाहेरची सदस्य होशील तेव्हा दोन्ही बाजूंचे ऐकून होईपर्यंत मनात कोणाचेही चित्र रंगवू नकोस. कथाकाराला हे फार जड जाते, कारण पहिल्या साक्षीतच त्याला सबंध कथानक दिसू लागते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. सुरुवातीच्या एका चौकशीत तक्रारदार बाई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि बोलताना तिच्या बंदाला गाठी मारत, पुन्हा सोडवत. पुढे एका कादंबरीत मी ती पिशवी आणि त्या गाठी लिहिल्या. नाव, गाव, कचेरी, सगळे बदलले होते, आणि तेवढे पुरेसे आहे अशी माझी खात्री होती. पुस्तक आल्यावर महिन्याभराने त्या घरी आल्या. चहाला हात न लावता म्हणाल्या, “ताई, मी तुमच्यासमोर बसले होते. पुस्तकात बसायला नव्हते आले.” कायदा तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करण्यास मनाई करतो, हे मला तोंडपाठ होते. तरीही मी माझ्या परिच्छेदासाठी त्यांच्या गाठी उचलल्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीतून तो परिच्छेद मी काढला, पण पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत दिसतात, आणि दिसली की मी विकत घेऊन घरी आणते.

तेव्हापासून चौकशीची टिपणे मी समितीच्या कपाटातच ठेवते आणि त्या दिवशी कथेची वही उघडत नाही. तूही एवढे पाळ. कादंबरीसाठी माणसे हवी असतील तर लक्ष्मी रस्त्यावर, पीएमपीच्या बसमध्ये, मंडईत हवी तेवढी भेटतील.

येत्या शनिवारी संध्याकाळी ये. हस्तलिखिताची पहिली तीन प्रकरणे घेऊन ये. तुझ्या कंपनीतल्या त्या प्रकरणाची कागदपत्रे मात्र तिथेच कुलपात राहू दे.

तुझी,
ताई