व्हिडिओ बघतात, पण पॅनलपाशी गाडी अडते

प्रश्न : मी उत्तर गोव्यात इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. यंदा स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) ४० मिनिटांचा अ‍ॅनिमेशनवाला व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावला, पोरं गप्प बसून बघतात, पण पॅनलपाशी नेलं की मेन कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) कुठला नि डेल्टा कुठला इथंच घोटाळा. चवथीच्या सुट्टीनंतर तर सगळंच पुसलं गेलं. हा कॉम्प्युटरचा प्रकार सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका सर, फक्त तो ४० मिनिटांचा पिक्चर बंद करा. जेवणानंतर अंधार करून लावलात तर मी पण झोपेन. कॉम्प्युटर पाहिजे तो पॅनल उघडून पण जे दिसत नाही त्यासाठी. स्टारमध्ये मोटरच्या प्रत्येक वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) ४१५ ऐवजी साधारण २४० व्होल्टच मिळतात, म्हणून स्टार्टिंगचा लाइन करंट डायरेक्ट डेल्टाच्या एक तृतीयांश आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पण तेवढाच, आता हे पॅनलमध्ये दिसणार कुठून, तिथं नुसतं खट्ट, आणि टायमर संपला की परत खट्ट. किंवा स्टार नि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकदम ओढले, म्हणजे चालू झाले, तर तिन्ही फेज शॉर्ट, हा धडाका खऱ्या पॅनलवर कोण करून दाखवेल? सिम्युलेटर असेल तर बिनधास्त इंटरलॉक (दोन्ही एकदम ओढू न देणारी सोय) काढा नि होऊ दे धडाम.

तर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करा. टायमर संपायच्या आधी पॉज, "आता कोण सुटणार, कोण ओढणार?" माउस पोराच्या हातात द्या, चुकू दे. लगेच उठवून तेवढाच भाग पॅनलवर जोडायला लावा, उद्यावर ढकलू नका.

दुसरं म्हणजे आवाज. रिचर्ड मेयर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की चित्रासोबत बोललेलं चांगलं शिरतं, पण तेच शब्द स्क्रीनवर पण लिहिले की डोळे वाचत बसतात आणि चित्र सुटतं. म्हणून खालचा मजकूर काढा, कॉन्टॅक्टरशेजारी मेन, स्टार, डेल्टा एवढंच ठेवा. आणि पोरं घरी कोंकणी बोलणारी, त्यांना ती भरभर इंग्लिश कॉमेंट्री कशाला, मोबाइलवर तुमच्याच आवाजात कोंकणी-मराठी मिसळून रेकॉर्ड करा की, वर्गात बोलता तसंच.

लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) घट्ट बसला की नाही हे मात्र वायर ओढून बघितल्याशिवाय कळत नाही, ते कुठल्याच अ‍ॅनिमेशनमध्ये येणार नाही. आणि हो, ते मागचं ढॅण-ढॅण म्यूझिक आधी म्यूट करा.