फ्यूज उडवणारा व्हॉल्व्ह अॅम्प : दुरुस्ती की नवा?

प्रश्न : माझा 15 वॉटचा गिटार अॅम्प (व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या : आउटपुटच्या दोन ईएल84, सुरुवातीच्या तीन 12एएक्स7) सुरू केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत फ्यूज उडवतो. मेकॅनिक म्हणतो, ट्रान्सफॉर्मर गेला, नवाच घ्या.

उत्तर : एवढ्यात ट्रान्सफॉर्मरवर खापर फोडू नका. मेन ट्रान्सफॉर्मर किंवा डायोड शॉर्ट असता, तर फ्यूज बहुधा बटण दाबताक्षणीच गेला असता. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तो टिकतो, म्हणजे संशय ईएल84 वर.

दोन्ही ईएल84 काढा, त्याच रेटिंगचा स्लो-ब्लो (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) फ्यूज घाला (तार गुंडाळण्याचा देशी उपाय इथे नको) आणि सुरू करा. फ्यूज टिकला, तरी लगेच नवी जोडी बसवू नका. आधी जाणकाराकडून रिकाम्या सॉकेटच्या पिन 2 वरचा (ग्रिड, जिथे सिग्नल आत येतो) व्होल्टेज मोजून घ्या. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले, तर कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे सोडणारा, पण त्याचा डीसी व्होल्टेज अडवणारा) गळतोय. तो न बदलता घातलेली नवी जोडीही लाल होऊन जळेल. पिन 9 ला, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडला, जोडलेला स्क्रीन रेझिस्टरही तपासायला सांगा. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (पुरवठ्याचा व्होल्टेज स्थिर करणारा) 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, तेव्हा आत हात घालण्याआधी तो उतरवून मीटरने खात्री करायला हवी.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ईएल84 चा सिग्नल स्पीकरला पोचवणारा) तपासण्यासाठी, चार्ज उतरवून, त्याच्या मधल्या टॅपपासून (वेटोळ्याच्या मध्यावरून काढलेली तार) दोन्ही सॉकेटच्या पिन 7 पर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. आकडे जवळपास सारखे हवेत. एक बाजू ओपन (आतून तुटलेली) असेल तर तो गेला. तरी तो बदलता येतो.

नवा कधी? सॉकेटखालचा सर्किट बोर्ड जळून कोळसा झाला असेल तर. कोळशातून करंट वाहतो, आणि मग दुरुस्ती टिकत नाही.