कॉमेंट्री मागे का पडते? गेमिंग व्हिडिओवाल्यांची प्रश्नोत्तरे

या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आलेत, आवाज आणि गेम जुळत नाही. उत्तरांआधी एक काम करा, व्हिडिओचं पहिलं मिनिट बघा आणि मग थेट शेवटचं. दोन्हीकडे आवाज सारखाच मागे असेल तर तो नुसता सरकवायचा, दोन मिनिटांचं काम. पण सुरुवात बरोबर आणि शेवट चुकलेला असेल तर कितीही सरकवा, एक टोक जुळवलं की दुसरं सुटणारच. हे न बघता मुलं रात्ररात्र क्लिप ओढत बसतात, मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, मी मोबाईलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, गोळीबाराचा गेम) खेळतो, फोनच्याच स्क्रीन रेकॉर्डरने व्हिडिओ घेतो आणि आवाज लॅपटॉपवर वेगळ्या माईकने. सुरुवात परफेक्ट जुळते, पण पंचविसाव्या मिनिटाला मी ‘गेला!’ म्हणतो तेव्हा समोरचा केव्हाच पडलेला असतो.

यात तुझी काही चूक नाही. फोनचा रेकॉर्डर दर सेकंदाला मोजून ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, घेत नाही, लॉबीत निवांत असताना वेगळ्या आणि चार जण एकदम अंगावर आले, फोन तापला, की वेगळ्या. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरना वाटतं फ्रेम सारख्याच अंतराने आल्यात, मग चित्र एका चालीने जातं आणि आवाज दुसऱ्या. एडिटरमध्ये टाकायच्या आधी फाईल हँडब्रेकमधून काढ (व्हिडिओ बदलून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे), व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेटला ३० किंवा ६० निवड आणि खाली ‘कॉन्स्टंट’वर टिक कर. निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं इथेच संपतं.

तरी थोडं उरेल. फोन आणि लॅपटॉप, दोघांची घड्याळं वेगळी आणि कुठलीच शंभर टक्के बरोबर नसते. समज ४० मिनिटांच्या शेवटी तुझा आवाज ०.२४ सेकंद मागे पडला. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, म्हणजे फरक ०.०१ टक्का. आवाजाच्या क्लिपचा स्पीड १००.०१ कर, झालं. एडिटर इतका बारीक आकडा घेत नसेल तर दर आठ-दहा मिनिटांनी तू गप्प असशील तिथे क्लिप काप आणि पुढचा भाग थोडा डावीकडे, म्हणजे आधी येईल असा ओढ, कुणालाही कळत नाही.

प्रश्न: सगळे म्हणतात सुरुवातीला टाळी वाजवा. पण माझा चेहरा व्हिडिओत नसतो, मग टाळी जुळवू कशाशी?

अगदी बरोबर पकडलंत, टाळी शूटिंगवाल्यांसाठी आहे. स्क्रीनवर हातच नाही तर ती जुळणार कशाला. तुम्ही असं करा, दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाली की हेडफोन कानावरून काढून माईकला चिकटवा आणि गेमच्या मेनूत एक बटण तीन-चारदा दाबा. तो टिक-टिक आवाज गेमच्या ट्रॅकवरही येतो आणि तुमच्या माईकमध्येही. नंतर टाइमलाइन पार झूम करा, दोन्ही वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) तीन-चार उभे काटे दिसतील, काट्यावर काटा बसवा. हेडफोन वायरचाच हवा, ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायलाच शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात आणि ती चूक तुमच्या काट्यात जाऊन बसते. आणि खेळ संपल्यावर हेच परत करायचं, विसरू नका, शेवटचे काटे नसतील तर फरक किती पडला हे मोजणार कशावरून?

प्रश्न: माझा आवाज व्हिडिओत बारीक येतो, कार्टूनसारखा, आणि आधीच संपतो.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा. आवाज ४४,१०० वर रेकॉर्ड झालाय आणि कुठेतरी ४८,००० समजून वाजतोय, म्हणून १० मिनिटांची फाईल ९ मिनिटं ११ सेकंदांत संपते. माईक, रेकॉर्डर, प्रोजेक्ट तिन्ही ४८,००० वर ठेवा.

प्रश्न: मी आणि मित्र डिस्कॉर्डवर (नेटवरून बोलायचं अॅप) बोलत खेळतो. दोघांनी आपापला आवाज आपापल्याकडे रेकॉर्ड केला, अगदी घड्याळ लावून जुळवला, तरी बोलणं विचित्र वाटतं, एकमेकांवर चढतं.

हा प्रश्न मला फार आवडला. घड्याळाने जुळवलं म्हणूनच बिघडलं. मित्राचं वाक्य तुमच्या कानात नेटमुळे थोडं उशिरा आलं आणि ते ऐकून तुम्ही हसलात, म्हणजे हसण्याचं टायमिंग तुमच्या कानाला धरून आहे, मित्राच्या तोंडाला धरून नाही. व्हिडिओ तुमच्या स्क्रीनचा असेल तर सगळं तुमच्या कानाप्रमाणे लावायचं. ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) सहा ऑडिओ ट्रॅक मिळतात, एकावर गेम, एकावर तुमचा माईक, एकावर डिस्कॉर्डमधून येणारा मित्राचा आवाज. हा तिसरा ट्रॅक खरखरीत असेल, असू दे, तो फक्त खूण म्हणून. मित्राने पाठवलेली स्वच्छ फाईल त्याच्यावर बसवा आणि मग तो म्यूट करा.

प्रश्न: फेसकॅम (चेहरा दाखवणारा कॅमेरा) लावल्यापासून ओठ आणि आवाज जुळत नाहीत. किती फरक चालतो?

आवाज थोडा उशिरा आला तर माणूस चालवून घेतो, वीज चमकल्यावर गडगडाट नंतरच येतो हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. आवाज आधी आला की लगेच खटकतं. टीव्हीवाल्यांसाठी आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने) जे आकडे दिलेत त्यात आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तरी कळतो, उशिरा असेल तर १२५ पर्यंत कळत नाही. वेबकॅमचं चित्र मागे राहतं म्हणून तुमचा आवाज ओठांच्या आधी येतोय. ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माईकच्या सिंक ऑफसेटला १०० (मिलिसेकंद) टाका, एक मिनिट रेकॉर्ड करून कॅमेऱ्यासमोर ‘पप्पा, पप्पा’ म्हणा आणि ओठ मिटतात ती फ्रेम बघा. कमी-जास्त वाटलं तर २०-२० ने बदला. माईक तेवढा उशिरा झाल्याने गेमशी मागे पडेल अशी भीती वाटते ना? पडतो, पण कळत नाही, गोळी लागल्यावर तोंडातून ‘अरे’ निघायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.